इटलीतली विरळणी

खालच्या मळ्यात मी गेल्या आठवड्यात चार वर्षांनी पाऊल ठेवलं. मांडवाखाली वाकून शिरताना तार डोक्याला लागली. पूर्वी लागायची नाही. मी काही या वयात उंच झाले नाही, तारच लोंबलीय; पण इतक्या वर्षांनी मळ्याशी बोललेला माझा पहिला शब्द 'अगं आई गं' हाच. जानेवारीची सकाळ होती, पानांवरचं दव मानेवर टपकत होतं, आणि तेवढ्यात तो वास आला. हिरव्या द्राक्षाला वास नसतो म्हणतात. म्हणू देत बापडे. ओली पानं, आदल्या दिवशी मारलेलं गंधक, तारेचा गंज आणि नुकत्या तुटलेल्या देठाचा कोवळा आंबूसपणा, हे सगळं एकदम नाकात शिरलं आणि मी होते तिथंच उभी राहिले.

ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्लीत त्यांच्यासाठी सांगते. मणी ज्वारीएवढे झाले की घड गच्च होतो. तसाच राहू दिला तर मणी एकमेकांना चेपतात आणि आतून सडतात. म्हणून कात्री घेऊन घडाच्या बारक्या फांद्या, ज्यांना आम्ही पाकळ्या म्हणतो, त्यातल्या एकाआड एक काढायच्या. आतले बारके मणीही टिपून टाकायचे. याला म्हणायचं विरळणी. हे बायकांचं काम. पंधरा-वीस दिवस मान वर करून उभं राहायचं, आणि घरी गेल्यावर तव्यावरची भाकरी बघायला खाली वाकलं की डोळ्यांपुढं तारे चमकायचे.

मला हे काम आक्कानं शिकवलं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणते, मनात पहिल्यापासून 'तू'. लग्न होऊन निमगाव साव्याला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, बारावी झालेली, आणि मला वाटायचं की बारावी झालेल्या बाईला घड कातरायला काय शिकवायचं? पहिल्याच दिवशी मी एका घडाचं शेपूटच उडवलं. आक्कानं ते शेपूट उचललं, माझ्या ओटीत घातलं आणि म्हणाली, "ने घरी. भाजी कर."

पुढं पुढं आमची अशी जोडी जमली की मजूर बायका चेष्टा करायच्या. एका घडाला दोघी. ती वरच्या पाकळीपासून खाली यायची, मी शेपटापासून वर जायचे, आणि कात्र्या मधोमध भेटायच्या. बोलणं चालूच. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या गोठ्यापाशी बिबट्या दिसला, भेंडीला भाव आला का. खोडदच्या बाजूला त्या मोठ्या दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात, त्यांच्याकडं बघून आक्का म्हणायची, "त्यांची बी मान अवघडत असंल गं." दुपारी पदराच्या गाठीतलं तिखटमीठ काढायचं आणि खुडलेले आंबट मणी बाटलीच्या पाण्यानं धुऊन खायचे. औषध मारलेलं असायचं, घरची माणसं ओरडायची. आम्ही खायचोच. संध्याकाळी दात इतके आंबलेले असायचे की भाकरीसुद्धा चावायची नाही.

असं बावीस-तेवीस वर्षं चाललं. मग एका विरळणीत, चौथ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या आधी, आक्कानं कात्री क्रेटवर ठेवली.

"मी चालली घरी," ती म्हणाली. "मला काय गरज राह्यलीय आता ह्याची?"

तिचा विशाल त्याच वर्षी इटलीला नोकरीला लागला होता. अवसरीच्या कॉलेजात इंजिनीअर झालेला पोरगा, जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात. आम्हाला सगळ्यांनाच केवढा आनंद! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्धा मळा राहिलेला, आणि ही बाई मला एकटीला टाकून निघाली. माझी जीभ काय, तिला हाड नाही.

"बरोबरंय," मी चार बायकांच्या देखत म्हणाले. "पोरगं परदेशात गेलं. तुमचे हात आता कशाला मळतील?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि गेली. त्या दिवसापासून अबोला.

पुढं वाटणी झाली. वरचा मळा आमच्याकडं आला, खालचा आक्काकडं. थोरले दीर तर आधीच वारले होते. तिनं तो मळा दुसऱ्याला कसायला दिला. कोण काय म्हणालं, कुणी कुणाला काय सांगितलं, सगळं मला पाठ आहे. सांगत नाही. त्यात राम नाही. अबोला कसा होता ते मात्र सांगते. विहिरीवरची मोटर चालू करायची तरी निरोप तिसऱ्याच्या तोंडून. कुणाच्या बारशाला समोरासमोर आलो की ती बघायची माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडं. भांडण बरं, भांडणात निदान आवाज तरी ऐकू येतो. विरळणीच्या दिवसात मी वरच्या मळ्यात कात्री चालवायचे आणि घडाच्या पलीकडं दुसरीच बाई असायची. चांगली बाई होती बिचारी. पण मी सवयीनं काहीतरी बोलून जायचे आणि पलीकडून 'हां' सुद्धा यायचं नाही.

मला आक्काची आठवण यायची. रोज यायची. हे मी तेव्हा मेले तरी कबूल केलं नसतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात विशालचा फोन आला.

"काकी, आईला तिकीट काढलंय. ती एकटी येणार नाही. तुझा पासपोर्ट आहे ना?"

होता. द्राक्षवाल्यांच्या एका दौऱ्यासाठी आम्ही नवराबायकोनं काढला होता. दौरा रद्द झाला, पासपोर्ट कपाटात राहिला.

"अरे पण आम्ही बोलत नाही एकमेकींशी," मी म्हणाले.

"माहितीय. विमानात बोलावं लागत नाही," तो म्हणाला.

खरंच लागत नाही. मुंबईपासून इटलीपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसून गेलो आणि एक शब्द बोललो नाही. आक्कानं चहा घेतला नाही. जेवणाचा ट्रे आला तर "उपास हाय" असं हवाईसुंदरीला मराठीत सांगितलं. कसला उपास? एकादशी दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. मी मनात म्हटलं, बघा मिजास, माझ्या शेजारी बसून घास उतरत नाही बाईसाहेबांच्या घशाखाली. आणि तिच्या वाट्याचा बनपाव मीच खाल्ला.

विशालचं शहर इटलीच्या पार खालच्या अंगाला, समुद्रकाठी. आम्ही जुलैत गेल्यावर पहिल्या रविवारी तो म्हणाला, आज तुम्हाला तुमच्या आवडीची गोष्ट दाखवतो. सकाळी गाडी निघाली. दोन्ही बाजूंना लाल माती, मातीगारा न लावता रचलेले दगडांचे बांध, आणि ऑलिव्हची इतकी जुनी झाडं की खोडाला पीळ पडलेला. मधूनच द्राक्षाचा मांडव दिसला, आपल्यासारखाच, तारांचा, आणि माझ्या तोंडून 'आक्का, बघा!' निघता निघता राहिलं. आरशातून पाहिलं, तर तीही तिकडंच बघत होती.

तो एक लहानसा वाईनचा मळा होता. दगडी घर, थंडगार खोली, लांब टेबल. मालकीणबाई माझ्याच वयाची असावी, केस आखूड, हाताची नखं आपल्यासारखीच काळी. नखं पाहिली आणि मला ती आवडली. तिनं पातळ काचेचे उंच ग्लास मांडले आणि तळाला चिमूटभर वाईन ओतली. आता ग्लास गोल गोल फिरवा, नाक आत घाला आणि कसला वास येतो ते सांगा. आमच्याबरोबर एक गोरं जोडपं होतं. तो म्हणे चेरी, ती म्हणे तंबाखू. माझी पाळी आली.

"भिजलेलं गोणपाट," मी म्हणाले. "आणि त्यावर जांभळं सांडलेली."

विशाल लाजला, पण त्यानं सांगितलं. मालकीणबाई इतकी हसली की तिनं माझा हातच धरला. मग मी विचारलं, साखर किती चढल्यावर तोडता, पाणी द्यायचं कधी थांबवता, भुरीचा रोग आला तर कुठलं औषध मारता? बिचाऱ्या विशालची भाषांतर करता करता दमछाक झाली. थुंकायला एक बादली ठेवलेली होती. चव बघून थुंकायचं, अशी तिकडची रीत आहे म्हणे. मी काही थुंकले नाही. लोकांच्या घरी पाहुणं म्हणून जायचं आणि त्यांनी दिलेलं थुंकायचं म्हणजे काय! तीन ग्लासांत माझे कान गरम झाले.

आक्का माळकरी. तिच्यापुढचा ग्लास तसाच. मालकीणबाईनं तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली, विशालनं समजावून सांगितलं, आणि ती आतून द्राक्षाचा साधा रस घेऊन आली, तसल्याच पातळ ग्लासात. आक्का त्या ग्लासाकडं बघत राहिली. उजवा हात पदराखाली, त्यावर डावा. "घे ना आई, रसच आहे," विशाल म्हणाला. ती उठली. "मी जरा भाईर बसते," म्हणाली आणि गेली. मालकीणबाईचा चेहरा उतरला. मला संताप आला. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ ना बाई, या परक्या माणसांनी तुझं काय घोडं मारलंय?

थोड्या वेळानं विशाल म्हणाला, "काकी, आईला हाक मार ना." मी म्हटलं, चला, आज दोन शब्द सुनवायचेच. वाईनचा जोरही होताच.

बाहेर ऊन रणरणत होतं. घराच्या बाजूला वेलांच्या ओळी होत्या, कमरेएवढ्या उंच, तारेवर चढवलेल्या. आक्का आत कुठंतरी वाकलेली होती, नुसता डोक्यावरचा पदर दिसत होता. जवळ गेले तर पदराचं टोक कमरेला खोचलेलं, आणि बाई घडात बोटं घालून नखांनी पाकळ्या खुडतेय! मागच्या सहा-सात वेलांखाली हिरव्या मण्यांचा सडा.

"अहो आक्का!" मी ओरडले. "अहो काय करताय? वाईनची द्राक्षं हैत ती! त्यांना विरळणी नसती!"

चार वर्षांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ती मागं न बघता म्हणाली, "लई दाटल्यात गं. सडतील ना आतून."

आवाज असा, जणू कालच्या ओळीवरून आज पुढं सुरू केलंय. माझा राग कुठल्या कुठं गेला. हसत पुढं झाले आणि मग तिच्या हातातला घड पाहिला. फाटलेला होता. ठेवायच्या पाकळ्या तुटलेल्या, काढायच्या तशाच, दांडाच सोललेला. माझ्या आक्काच्या हातचा घड असा? ती घडाला हात लावायची तेव्हा मण्यावरची पांढुरकी भुकटीसुद्धा हलायची नाही.

मग मी तिचा हात पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं. समईची वात वळताना फिरतात तशी ती बोटं आपोआप फिरत होती, थांबतच नव्हती.

"कवापासून?" मी विचारलं.

"झाली चार-पाच वर्सं. कात्री धरवंना. त्या विरळणीला तीन घड खाली पाडलं मी, तू बघितलं न्हाईस. पायानं पाल्याखाली सारलं."

"मग सांगायचं नाय का मला?"

"काय सांगू?" ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "हातच गेला म्हणल्यावर मळ्यात माझं काय राह्यलं? लोकांनी माजुरी म्हणावं, ते परवडलं. पांगळी म्हणू नये."

विमानातला न घेतलेला चहा माझ्या डोळ्यांपुढं आला. सांडला असता म्हणून घेतला नव्हता. आणि मी तिचा बनपाव खाल्ला होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की काय सांगू. मी वेलाच्या पलीकडच्या बाजूला गेले, तो फाटका घड खालून हातात धरला आणि शेपटाकडून खुडायला लागले. ती वरून. तिची थरथर दांड्यातून माझ्या बोटांना कळत होती. मालकीणबाई डोक्याला हात लावून धावत आली तेव्हा आमचा तो घड जवळजवळ झाला होता.

"मी केलं," मी म्हणाले.

"खोटं बोलती," आक्का म्हणाली. "मी केलं."

विशाल लालबुंद. माफी मागून मागून त्याची इटालियन संपली. तेवढ्यात मालकीणबाईची म्हातारी आई काठी टेकत आली. तिनं नुकसान पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, खाली वाकून एक हिरवा मणी उचलला आणि तोंडात टाकला. तोंड असं काही वाकडं केलं की आक्का फिसकन हसली. म्हातारीही हसली आणि मणी एप्रनमध्ये गोळा करायला लागली.

"म्हणतायत, याचा आंबट रस काढून ठेवू," विशाल म्हणाला. "आणि विचारतायत, द्राक्षाची एवढी वेणीफणी तुमच्याकडं कशासाठी करतात?"

"खानाऱ्यासाठी," आक्का म्हणाली. "सांग त्यांना. आदी डोळ्यानं खातो, मग तोंडानं."

गाडीकडं जाताना तिनं माझं कोपर घट्ट धरलं. विशाल पुढं होता.

"धाकटे, त्याला सांगू नगंस. हितंच ठिवून घ्यील मला. दवाखाना करंल, दिवसभर घरात कोंडल. मला घरी यायचंय गं. मरायचं ते आपल्या मानसांत मरायचंय."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

समुद्रकाठचं ते गाव पांढऱ्या दगडांचं होतं. धक्क्यावर होड्या बांधलेल्या, जाळी वाळत घातलेली, आणि हवेला असा खारट ओला वास की ओठांवर जीभ फिरवली तरी मीठ लागायचं. एक कोळी आठ पायांचा मासा दगडावर धुणं आपटावं तसा आपटत होता. आपटून तो मऊ होतो म्हणे. "काय पाप केलं व्हतं बिचाऱ्यानं," म्हणत आक्कानं तोंड फिरवलं. आम्ही पाण्याला लागूनच एका टेबलाशी बसलो. विशालनं आईसाठी मुद्दाम विचारून बिनमाशाचं मागवलं. वाळल्या वालासारख्या दाण्यांचं घट्ट घोटलेलं वरण, वर हिरवट तेलाची धार, बाजूला कडसर पालेभाजी, आणि जाड कवचाचा पाव. पिठल्याची मावसबहीणच ती. वास आला आणि मला भूक लागली.

आणि चमचा. आक्काच्या वाटीशेजारी लखलखीत चमचा. तिचे दोन्ही हात टेबलाखाली.

"आई, खा ना."

"खाते."

"मग घे की. आवडलं नाही का?"

मला काय सुचलं देव जाणे. मी पावाचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि म्हणाले, "थांब रे. आपल्यात रीत आहे. अबोला सुटला की जावांनी एकमेकींना घास भरवायचा."

असली कुठलीही रीत जुन्नर तालुक्यात नाही, आंबेगावातही नाही. मी ती तिथल्या तिथं काढली. पण विशालचा चेहरा असा उजळला! "म्हणजे सुटला?" तो म्हणाला. "कधी?" मी आक्काच्या तोंडात घास दिला. तिनं तो खाल्ला. मी दुसरा दिला, तिसरा दिला. तिच्या डोळ्यांत पाणी, माझ्या डोळ्यांत पाणी. वाटी अर्धी झाली. शेजारच्या टेबलावरची माणसं बघून हसायला लागली, एकानं तर टाळ्या वाजवल्या. विशालनं फोटो काढला. तो फोटो तासाभरात निमगाव साव्यात पोचला. जावा-जावा इटलीत जाऊन एक झाल्या, असं अजून लोक सांगतात.

"आता तू भरव काकीला," विशाल म्हणाला.

मी गारच पडले. एकमेकींना, असं मीच म्हणाले होते ना!

"राहू दे रे, माझं पोट भरलंय," मी म्हणाले.

"असं कसं? रीत आहे ना?"

तो फोन उभा धरून तयार. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग तिनं उजवा हात टेबलाखालून वर आणला. पाव मोडायला तिला वेळ लागला. तुकडा वरणात बुडवला, वर उचलला. वाटेत निम्मं वरण पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलं, थोडं माझ्या साडीवर. घास माझ्या नाकाला लागला, हनुवटीला लागला, मग तोंडात आला. मी तोंड उघडं ठेवून बसले होते. आयुष्यात इतका वेळ मी गप्प राहून तोंड उघडं ठेवलेलं नाही.

विशालचा फोन हळूहळू खाली आला.

"आई, फोनवर तू सारखी हलायचीस," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिकडचं नेट खराब आहे."



"म्हणून मी नवीन फोन पाठवला तुला. चांगल्यातला चांगला."

"फोन लई चांगलाय बाळा," आक्का म्हणाली. "चित्र झ्याक दिसतं."

मग तो पोरगा रडला. तीस वर्षांचा बाप्या, ओठांवर मिशी, भर दुपारी चारचौघांत आईच्या त्या हातावर कपाळ टेकून रडला, आणि त्याच्या कपाळाला वरण लागलं. रडून झाल्यावर, व्हायचं तेच झालं. तो म्हणाला, "तू आता परत जायचं नाहीस. इथं चांगले डॉक्टर आहेत. मी आहे." चुकीचं काय होतं त्यात? आईनं पोराजवळ राहावं, हेच जगरीत. आक्का ताटातल्या पावाकडं बघत राहिली.

"नाही," मी म्हणाले. "ती माझ्याबरोबर येणार."

"काकी, तू कशाला—"

"तू ऐक. पुण्याला मोठ्या डॉक्टरला मी दाखवते. गोळ्या वेळेवर मी देते. दिवसभर तू कामावर, तिनं बोलायचं कुणाशी, भिंतीशी? तुला रोज फोन लावून देते. मी धरीन फोन. माझा हात हलत नाही."

बोलून गेले आणि घाबरले. ज्या बाईशी चार वर्षं बोलले नव्हते, तिला मी जन्मभरासाठी मागून घेत होते. विशालनं आईकडं पाहिलं. "तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं. आक्का म्हणाली, "ही भांडकुदळ हाय. पन हिच्यासंगंच जाते."

जेवण झाल्यावर विशाल बिल द्यायला गेला. आम्ही दोघी धक्क्याच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसलो. पाणी इतकं निवळ होतं की माझी बोटं जोडव्यांसकट दिसत होती.

"आक्का," मी म्हणाले, "त्या दिवशी मी चार बायकांत तुमच्या हातांवरून बोलले..."

"बोललीस खरी," ती म्हणाली. "लई लागलं मला. चार वर्सं लागत व्हतं."

मला वाटलं होतं, ती 'जाऊ दे' म्हणेल. नाही म्हणाली. बरं झालं. मी तिचा तो हात माझ्या मांडीवर घेतला आणि विशाल येईपर्यंत धरून बसले. बोटं माझ्या तळहातात फिरतच होती.

गेल्या आठवड्यात खालच्या मळ्यात गेले ती एकटी नव्हते. हा मळा आता मीच कसायला घेतलाय. आक्का मागून काठी टेकत आली आणि उलट्या क्रेटवर बसली. पुण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी हात जरा निवलाय, पण कात्री ती कात्रीच. माझीही गंमत अशी की चाळिशी लावूनही घडाच्या आतलं आता मला धड दिसत नाही. तिची नजर मात्र अजून घारीची. म्हणून आमचं असं ठरलंय: ती खालून बघून सांगते, मी कातरते. "वरची ऱ्हाऊ दे. दुसरी काड. आतला बारका, त्यो न्हवं, त्याच्या मागला." एका बाईचं काम आम्ही दोघी मिळून करतो आणि तेही निम्म्या वेगानं. बायका हसतात.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलंय. या दुखण्यात, कंपवात म्हणतात त्याला, हाताच्या मागोमाग आवाज जातो. हळूहळू बारीक होत जातो, मग कुजबुज, मग तेवढंही नाही. तो टिकवायचा तर रोज मोठ्यानं बोलायचं, जमेल तितकं मोठ्यानं. जन्मात कधी आवाज न चढवलेली माझी आक्का आता मळ्यात ओरडते. पहिल्या दिवशी लाजली, दुसऱ्या दिवशी तिला मजा यायला लागली. "धाकटे!" अशी तिची हाक येते आणि पलीकडच्या वावरातले लोक माना वळवतात. दुपारनंतर आवाज दमतो. गेल्या महिन्यापेक्षा थोडा लवकर दमतो, हे मला कळतं. तिलाही कळत असावं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी असते. तरी ती हाक मारते तेव्हा मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडून 'ओ' देते.